विहीर सरकारी, कुलूप शेटजीचं

मी गोदीत लॅशिंगचं काम करतो. लॅशिंग म्हणजे जहाजाच्या डेकवर एकावर एक रचलेल्या कंटेनरला लोखंडी सळया लावायच्या आणि टर्नबकल फिरवून त्या आवळायच्या. जहाज धक्क्याला लागलं की त्याच सळया सोडायच्या. ठेकेदाराचा बिल्ला, ठेकेदाराची हजेरी. हे रडगाणं म्हणून सांगत नाही. पुढचा मुद्दा इथूनच सुरू होतो म्हणून सांगतो.

मागच्या पावसाळ्यात आमच्या टोळीमागं तीन पोरं लागली. हेल्मेट कोरी, बूट कोरे, हातात टॅब. चार दिवस आमच्या मागं मागं फिरली. सळई कुठल्या हातानं उचलता, आधी कुठला कोपरा धरता, वारा असला तर काय करता, गंजलेला ट्विस्टलॉक कसा ओळखता. आमच्यातला तात्या वीस वर्षं हेच करतोय. त्यानं हातचं काही राखून न ठेवता सगळं सांगितलं. आवाजावरनं सळई ढिली आहे की नाही ते कळतं, हेसुद्धा सांगितलं. पोरांनी ते रेकॉर्ड केलं आणि तात्याला चहा पाजला. जाताना मी एकाला विचारलं, हे कशासाठी? तो म्हणाला, "दादा, संशोधन प्रकल्प आहे. दोन कंपन्या आणि एक संस्था मिळून. सरकारी मदत आहे." मी म्हटलं, मग आम्हाला काय? तो हसला. "काम सोपं होईल की."

काम सोपं होणं आणि काम संपणं यातला फरक गोदीतल्या माणसाला शिकवावा लागत नाही. २६ एप्रिल १९५६ ला अमेरिकेत 'आयडियल एक्स' नावाचं जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कवरून ह्यूस्टनला निघालं आणि तिथपासून जगातल्या प्रत्येक गोदीतला हुक आणि पाठीवरची गोणी मोडीत निघायला लागली. १९८९ साली न्हावाशेवा सुरू झालं. मुंबई गोदीत ज्यांच्या बापांच्या टोळ्या होत्या त्यांना पुढचं विचारा.

पण हा लेख यंत्राच्या विरोधात नाही. पाठीवर शंभर किलो वाहणं ही काही संस्कृती नव्हे, ती गेली ते बरंच झालं. माझा सवाल वेगळाय. सरकारच्या पैशानं कंपन्या एकत्र येऊन संशोधन करतात, त्यातून नवं काही निघतं का? निघालं तर ते कुणाचं? आणि कुणासाठी?

हा सवाल मी आमच्या अभ्यासवर्गात काढला तेव्हा आपल्यातलाच एक इंजिनीअर होऊ घातलेला दोस्त भडकला. म्हणाला, "सरकारनं १ जुलै २०२५ ला एक लाख कोटींची संशोधन योजना मंजूर केली. देश पुढं जातोय. जपाननं असंच केलं, अमेरिकेनं असंच केलं. तू कवी आहेस, गोदीत काम करतोस. यातलं तुला काय कळतंय? प्रत्येक गोष्टीत जात कशाला आणतोस?"

झोंबलं. दहावी पास माणसाला असलं झोंबतंच. मग पाळी सुटली की वाचायला बसलो. जे समजलं ते इथं मांडतो. चुकलो असेन तर छापून उत्तर द्या. पण 'तुला काय कळतंय' हे उत्तर नव्हे. ते वाक्य आपल्या आज्ज्या-पणज्यांनी दोन हजार वर्षं ऐकलंय.

आधी त्यांची बाजू नीट समजून घेऊ. एका गावात पाणी नाही. एकानं पदरमोड करून विहीर खणली आणि तिचा झरा शेजाऱ्याच्या विहिरीलाही लागला, तर खणणारा बुडतो आणि बघणारा पितो. म्हणून कुणीच खणत नाही. ज्ञानाचं असंच असतं. एका कंपनीनं शोधलेलं दुसरीला आयतं मिळतं. दुसरी भानगड अशी, की पाच जण चोरून पाच ठिकाणी तीच विहीर खणत बसतात आणि पाचपट पैसा मातीत जातो. म्हणून सरकार म्हणतं, पाचही जण एकत्र खणा, खर्चाचा वाटा मी उचलतो. हा युक्तिवाद खोटा नाही. अर्थशास्त्रज्ञांनी तो नीट मांडलाय. मला तो पटतो.

आता जपान. १९७६ साली जपानच्या व्यापार आणि उद्योग मंत्रालयानं पाच कंपन्यांना एकत्र बसवलं: फुजित्सू, हिताची, मित्सुबिशी इलेक्ट्रिक, एनईसी आणि तोशिबा. एरवी या पाच जणी एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. योजना चार वर्षांची, १९८० पर्यंत. खर्च सुमारे ७० अब्ज येन, त्यातला सुमारे चाळीस टक्के सरकारचा. तोही फुकट नव्हे. नफा झाला तर परत करायचा या अटीवर. कावासाकीला एकत्रित प्रयोगशाळा उभी केली. पाचही कंपन्यांचे आणि सरकारी प्रयोगशाळेचे मिळून शंभरेक संशोधक एका छपराखाली बसवले आणि त्यांच्यावर सरकारी प्रयोगशाळेतला यासुओ तारुई हा माणूस नेमला. नखाएवढ्या सिलिकॉनवर अतिबारीक रेषा कशा छापायच्या, सिलिकॉनचा स्फटिक निर्मळ कसा करायचा, हे त्यांचं काम. हजाराच्या आसपास पेटंटचे अर्ज निघाले. कॅमेरे बनवणाऱ्या निकॉन आणि कॅनन या कंपन्या चिप छापायच्या यंत्रांच्या धंद्यात शिरल्या. पुढच्या पाच-सहा वर्षांत मेमरी चिपच्या बाजारात जपान अमेरिकेच्या पुढं गेला. १९८५ साली इंटेलनं मेमरी चिपचा तो धंदाच सोडून दिला.

माझा दोस्त इथं थांबतो आणि टाळ्या वाजवतो. मी थांबत नाही.

पहिली गोष्ट. त्या पैशाचा मोठा वाटा कावासाकीच्या एकत्र छपराखाली खर्च झालाच नाही. तो कंपन्यांच्या आपापल्या गटांच्या प्रयोगशाळांत गेला. एकत्र काय केलं? जे सगळ्यांनाच लागतं आणि जे बाजारात लगेच विकता येत नाही, तेवढंच. विकायचा माल आला की प्रत्येक जण आपल्या घरी गेला आणि दार लावून घेतलं. दुसरी गोष्ट. त्याच मंत्रालयानं १९८२ साली 'पाचव्या पिढीचा संगणक' नावाची दुसरी योजना काढली. विचार करणारं यंत्र बनवणार होते. दहा वर्षं चालली, अब्जावधी येन गेले, बाजारात टिकेल असं काही निघालं नाही. तोच देश, तेच मंत्रालय, तोच सहकार. म्हणजे 'एकत्र आले की नवं निघतं' हा काही निसर्गाचा नियम नाही. तिसरी गोष्ट. पहिल्या योजनेतल्या एनईसी आणि हिताचीनं १९९९ साली आपला मेमरी चिपचा धंदा एकत्र केला. त्यातून झालेली एल्पिडा ही कंपनी २०१२ साली दिवाळखोरीत निघाली. २०१३ साली ती अमेरिकेच्या मायक्रॉननं घेतली. मायक्रॉन हे नाव ध्यानात ठेवा, पुढं परत येणार आहे.

जपाननं दणका दिल्यावर अमेरिका जागी झाली. जी अमेरिका जगाला खुल्या बाजाराचं कीर्तन ऐकवत होती, तिनं १९८४ साली कायदा करून कंपन्यांनी एकत्र येऊन संशोधन करण्यातली भीती कमी केली. नोंदणी केली तर मक्तेदारीविरोधी कायद्याची तिप्पट भरपाई लागू होणार नाही, अशी सोय. मग १९८७ साली 'सेमाटेक' काढलं. चौदा कंपन्या: आयबीएम, इंटेल, मोटोरोला, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स वगैरे सगळे दादा लोक. टेक्सासातल्या ऑस्टिनला कारखाना. वर्षाला दहा कोटी डॉलर सरकारचे, तेवढेच कंपन्यांचे. सरकारचे पैसे कुठल्या खात्यातून? संरक्षण खात्यातून! खुल्या बाजाराला धंदा बुडायला लागल्यावर बंदूकवाल्यांची तिजोरी आठवली. इंटेल ज्यानं काढली त्यातला रॉबर्ट नॉइस हा सेमाटेकचा पहिला प्रमुख झाला.

आत काय झालं ते बघा. वर्गणी एवढी, की लहान कंपन्यांना दार बंद. त्यांनी बोंब मारली, की आमच्याही कराच्या पैशानं मोठ्यांचीच ताकद वाढवता. जीसीए ही चिप छापायची यंत्रं बनवणारी अमेरिकन कंपनी वाचवायला सेमाटेकनं जोर लावला, तरी १९९३ साली ती बंद पडलीच. १९९२ साली एलएसआय लॉजिक आणि मायक्रॉन सेमाटेकमधून बाहेर पडल्या. १९९६ साली सरकारचा पैसा थांबला आणि सेमाटेक त्यानंतरही कंपन्यांच्या पैशावर चालूच राहिलं.

आता नीट ऐका. त्याच १९९६ साली डग्लस आयर्विन आणि पीटर क्लेनो या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. त्यांना असं दिसलं, की सेमाटेकमध्ये गेलेल्या कंपन्यांनी आपला स्वतःचा संशोधनावरचा खर्च वाढवला नाही. उलट कमी केला. एकूण मिळून वर्षाला सुमारे तीस कोटी डॉलरनं कमी! याचा एक अर्थ चांगला आहे. पाच ठिकाणी खणायची तीच विहीर एकदाच खणली, पैसा वाचला. पण मग दुसरा सवाल उभा राहतो. एकत्र येऊन कंपन्यांचाच पैसा वाचत होता, तर त्यांनी आपल्या खिशातनं एकत्र यायला हवं होतं. सरकारनं वर दहा कोटी कशाला दिले? वाचलेला पैसा गेला कुठं? कामगाराच्या पगारात तो दिसला नाही एवढं मी गोदीत बसून सांगतो.

मग २००२ साली ली ब्रॅनस्टेटर आणि मारिको साकाकिबारा यांनी जपानमधल्या अशा कितीतरी संघांचा हिशेब केला. निष्कर्ष साधा आहे. हे संघ तेव्हा जास्त फळतात, जेव्हा काम मुळातल्या विज्ञानाचं असतं. आणि बाजारात तोच माल विकणारे एकमेकांचे वैरी एकत्र बसवले, तर कमी फळतात. मुळाशी पाणी घालाल तर झाड वाढतं. फळं वाटायला बसवाल तर मारामारी. एवढंच.

म्हणजे दोस्ता, तुझं अर्धं खरं आहे. सरकारनं पैसा घातल्यानं नवं निघू शकतं. पण कुठं घातला, कुणाला घातला, कुठल्या अटीवर घातला, यावर ते ठरतं. आणि या तीन सवालांना विज्ञान उत्तर देत नाही. ती सत्तेची उत्तरं असतात. म्हणून मी जात आणतो.

आता आपल्याकडं या. आपल्याकडं हे काही काल सुरू झालेलं नाही. २००० साली सीएसआयआरनं कंपन्या, सरकारी प्रयोगशाळा आणि विद्यापीठं यांना एकत्र बांधणारी योजना काढली होती. २०२३ साली राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा कायदा झाला. पाच वर्षांत ५०,००० कोटी, त्यातले सुमारे ३६,००० कोटी उद्योगांकडून आणि बाहेरून येतील असं सांगितलं. मग २०२५ साली ही एक लाख कोटींची. ती जपानसारखी 'एकत्र या' म्हणत नाही, हे मी कबूल करतो. ती खासगी कंपन्यांना संशोधनासाठी लांब मुदतीचं, कमी व्याजाचं किंवा बिनव्याजी कर्ज देते, आणि नव्या कंपन्यांत भांडवल घालते. अट अशी, की तंत्र किमान चौथ्या पायरीवर पोचलेलं असलं पाहिजे. एकूण पायऱ्या नऊ. पहिल्या तीन पायऱ्या म्हणजे मुळातलं विज्ञान. ते करणाऱ्या विद्यापीठातल्या पोराला या पेटीतनं दमडी नाही. बाजाराच्या जवळ आलेल्या मालाला बिनव्याजी पैसा. हिशेब करणारे म्हणतात मुळाला पाणी घाला. आमचे म्हणतात फळाला घालू.

आमच्या वस्तीतल्या बाईला शिलाई मशीन घ्यायला मायक्रोफायनान्सवाला किती टक्क्यानं पैसे देतो ते तिला विचारा. बिनव्याजी हा शब्द आपल्या आयांनी आयुष्यात ऐकलेला नाही.

आणि मायक्रॉन. सेमाटेकमध्ये सरकारी पैशाच्या पंगतीला बसलेली, मग उठून गेलेली, जपानची बुडालेली एल्पिडा गिळलेली. २०२३ साली ती गुजरातेत साणंदला आली. प्रकल्प २७५ कोटी डॉलरचा. त्यातला निम्मा खर्च केंद्र सरकार देणार, वीस टक्के गुजरात सरकार देणार. शंभरातले सत्तर आपले! आणि काम काय? चिपची जोडणी आणि तपासणी. शोध नव्हे. अकल त्यांच्याकडंच राहणार, आपल्याकडं हात. अकल एका जागी, हात दुसऱ्या जागी, ही व्यवस्था आपल्या ओळखीची आहे की नाही?

आता मुख्य दुखणं. सरकारी प्रयोगशाळा, सरकारी विद्यापीठ इथं निदान कागदावर तरी आरक्षण आहे. तिथंही संशोधनाच्या वरच्या वैज्ञानिक जागा आरक्षणातून वगळायची सोय करून ठेवलीय, ती गोष्ट वेगळी. पण कागद आहे. भांडायला जागा आहे. खासगी कंपनीत तो कागदच नाही. म्हणजे तोच सरकारी पैसा सरकारी प्रयोगशाळेच्या दारातनं आत गेला, तर त्याच्यामागं माझा भाऊ जाऊ शकतो. कंपनीच्या दारातनं गेला, तर वॉचमन भावाला हटकतो. पैसा तोच. देशाच्या तिजोरीतला. माझ्या चहाच्या पुडीवरचा आणि तात्याच्या चपलेवरचा कर त्यात आहे. दार बदललं की आरक्षण गळून पडतं. कुणी घटना बदलली नाही, कुणी आरक्षण रद्द करा म्हणालं नाही, मोर्चा काढायला निमित्तसुद्धा ठेवलं नाही. नुसतं दार बदललं. याला म्हणतात हुशारी.

हैदराबादच्या विद्यापीठातला रोहित वेमुला संशोधन करू बघत होता. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला, तेव्हा त्याची सात महिन्यांची फेलोशिप थकलेली होती. पावणेदोन लाख रुपये. देशाला नवनिर्मिती पाहिजे, एक लाख कोटीचं बिनव्याजी कर्ज पाहिजे, आणि ताऱ्यांकडं बघणाऱ्या आपल्या पोराचे पावणेदोन लाख वेळेवर देता येत नाहीत. दोस्ता, तू विचारलंस ना जात कुठून आली? इथून आली.

पुढचं ऐक. नवं कशाला म्हणायचं? पेटंट मोजतात, चिपवरच्या रेषेची रुंदी मोजतात. गटार कोण मोजतं? २०१३ साली कायदा झाला, की माणसाला गटारात उतरवायचं नाही. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या. २०२३ साली त्याच कोर्टानं ते तीस लाख केले. म्हणजे दहा वर्षांत बदलली ती मेलेल्याची किंमत. माणूस उतरतोच आहे. गटार साफ करायच्या यंत्राला काय पाचव्या पिढीचा संगणक लागतो? २०१८ साली केरळातल्या काही तरण्या इंजिनीअर पोरांनी, तिथल्या सरकारी पाणी खात्याच्या आणि स्टार्टअप मिशनच्या मदतीनं, मॅनहोलमध्ये उतरणारं 'बँडिकूट' हे यंत्र करून दाखवलं. झालं की! सरकार, संशोधक आणि कंपनी एकत्र आले तर होतं, याचा पुरावा मी स्वतःच देतो. मग ते गल्लोगल्ली का नाही पोचलं? कारण आमचा माणूस यंत्रापेक्षा स्वस्त पडतो. आणि तो स्वस्त का पडतो, ते मनूला विचारा. गटारसफाईच्या यंत्रीकरणासाठी केंद्राची 'नमस्ते' नावाची योजना आहे. २०२५-२६ पर्यंतची तिची तरतूद सुमारे ३५० कोटी. इकडं एक लाख कोटी. जवळजवळ तीनशेपट. कुणी म्हणेल एक कर्ज आहे, दुसरी योजना आहे, बेरीज जुळत नाही. नका जुळवू. कुणाची तहान मोठी मानली ते तेवढ्यावर कळतं.

मग करायचं काय? संशोधनच नको म्हणायचं? नाही. ते भटाचं काम भटाला करू द्या म्हणण्यासारखं होईल. बाबासाहेब १९४२ ते ४६ मजूरमंत्री होते, धरणं आणि वीज यांच्या योजनांत त्यांनी डोकं घातलं. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये त्यांनी कळीचे उद्योग राज्याच्या मालकीचे करा, आणि ते घटनेतच लिहा, अशी मागणी मांडली. यंत्राला त्यांचा विरोध नव्हता. मालक कोण हा त्यांचा सवाल होता.

आणि मागता येतं, हे इतिहास सांगतो. अमेरिकेतल्या सॅन होजे शहरात १९८२ च्या जानेवारीत उघड झालं, की फेअरचाइल्ड या चिप कंपनीच्या टाकीतनं गळलेलं रसायन पिण्याच्या पाण्यात उतरलंय. चिपचा कारखाना म्हणजे पांढरे कपडे, स्वच्छ खोली, धूळसुद्धा नाही. आणि घाण वस्तीच्या नळाला. तिथल्या लोकांनी संघटना उभी केली. तिच्यातून पुढं देशभर मोहीम निघाली. त्यांनी सेमाटेकच्या सरकारी पैशावर बोट ठेवलं: पैसा आमचा असेल तर संशोधन आमच्या जिवासाठीही करा. आणि १९९२ साली अमेरिकन संसदेनं सेमाटेकच्या दहा कोटींतले एक कोटी डॉलर सुरक्षित, बिनविषारी उत्पादन शोधायला राखून ठेवायला लावले. दहा टक्के. भीक मागून नव्हे, हक्क सांगून.

गोदीवाल्यांनीही मागितलं होतं. १९६० साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या युनियननं मालकांना सांगितलं, यंत्र आणा, पण वाचलेल्या पैशात वाटा द्या. २.९ कोटी डॉलरचा निधी काढायला लावला. त्यातही युनियनचे पूर्ण सभासद नसलेले दुय्यम कामगार वाट्याबाहेर राहिले, हेही लिहून ठेवतो. कारण आज आपण सगळे ठेक्यावर, म्हणजे दुय्यमच आहोत. वाटा मागताना शेवटच्या माणसाला बाहेर ठेवाल तर तुम्ही पण मुकादम.

तर आपल्या मागण्या अशा, आणि मी त्या चळवळीपुढं ठेवतो:

एक. जी कंपनी संशोधनासाठी सरकारचा पैसा घेईल, मग तो अनुदान म्हणून घेवो की बिनव्याजी कर्ज म्हणून, तिच्या त्या संशोधनातल्या जागांना आरक्षण लागू झालं पाहिजे. पैसा सरकारी तर दारही सरकारी.

दोन. त्यातून निघालेलं ज्ञान ठरावीक मुदतीनंतर सगळ्यांना खुलं. तोवर कुणी अडवणूक केली तर सक्तीचा परवाना. हे काही आकाशातनं आणायचं नाही. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात तो आहे. २०१२ साली कॅन्सरच्या एका औषधाला तो लावला, तेव्हा महिन्याचा खर्च दोन लाख ऐंशी हजारांवरनं आठ हजार आठशेवर आला. कुलपाला किल्ली आहे. फिरवणारा हात नाही.

तीन. प्रत्येक प्रकल्पात कंपनीनं लिहून द्यावं, की सरकारचा पैसा नसता तर ती स्वतः किती घालणार होती, आणि मिळाल्यावर स्वतःचे किती कमी केले. दरसाल ते छापावं.

चार. एकूण पैशातले निदान दहा टक्के अशा कामावर, ज्यात आज माणूस मरतो: गटार, जहाजतोडणी, खाण, गोदी.

पाच. कामगाराकडून शिकाल तर त्याला संशोधक म्हणून नोंदवा. तात्याचं वीस वर्षांचं ज्ञान एका कटिंगवर विकत मिळणार नाही.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडला चवदार तळ्यावर गेले, तेव्हा ते तळं कागदावर आधीच खुलं झालेलं होतं. १९२३ साली कौन्सिलात बोले यांचा ठराव झाला होता, नगरपालिकेनंही ठराव केला होता. सार्वजनिक म्हणून नोंदलेलं, आणि आपल्याला पाणी नाही. ओंजळ भरायला चालत जावं लागलं. आज सरकारी पैशानं ज्ञानाच्या विहिरी खणल्या जातायत. पाच-पाच शेटजी मिळून खणतायत. देशासाठी खणतोय म्हणतात. पाणी लागलं की कुलूप घालून घरी जातात, आणि आपल्याला सांगतात, तुला यातलं काय कळतंय?

कळायला लागलंय. प्रत्येक अभ्यासवर्गानं या महिन्यात माहितीच्या अधिकाराचे अर्ज टाकावेत: कुठल्या कंपनीला किती, कुठल्या अटीवर, आणि त्या प्रयोगशाळेत आपले किती. उत्तरं आली की याच पानांवर छापू. नाही आली तर तेही छापू. आणि माझ्या इंजिनीअर दोस्ता, तू आमच्याबरोबर बस. तुझी आकडेमोड आम्हाला लागणार आहे.

ती टॅबवाली पोरं परत येणार आहेत, असं मुकादम सांगत होता. तात्याला मी सांगून ठेवलंय, पुढच्या खेपेला आधी कागद बघायचा, मग सळई दाखवायची.

जय भीम.